डुकरं तार ओलांडत नाहीत

जबाब
दिनांक ६ ऑक्टोबर २०२५, सोमवार, सकाळी ९ वाजून ४० मिनिटे
शेरीफ कचेरी, बेल्डन काउंटी, मिझुरी

नाव: वेल्डा इना प्रुइट
वय: ५७ वर्षे
धंदा: शेती व डुकरं पाळणे
राहणार: प्रुइट वस्ती, सायकामोर ओढ्याचा रस्ता, बेल्डन काउंटी

मी समक्ष हजर राहून जबाब देते की, मी वरील ठिकाणी या वर्षीच्या ७ मार्चपासून एकटी राहते. जागा बावीस एकर आहे. त्यातली सहा एकर कसण्यासारखी होती, ती काटेरी झुडपांनी गिळली. बाकी जंगल आणि ओढा. जागा माझ्या प्रुइट आजोबांची, वडील आधीच गेल्यानं त्यांच्यामागे आईची. आई जानेवारीत वारली. तिला वारस आम्ही दोघंच, मी आणि माझा थोरला भाऊ गार्लंड रॉय प्रुइट, वय ६२. तो बारा मैलांवर गावात राहतो आणि लाकडाच्या वखारीत कामाला आहे. धंद्याच्या रकान्यात डेप्युटी हेन्सली 'निवृत्त' लिहायला निघाले होते. पहाटे पाचला उठून पाच डुकरांना पाणी वाहणाऱ्या बाईला निवृत्त म्हणत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं.

आईला पुरून दोन आठवडे झाले नसतील, गार्लंडनं जागा विकायची गोष्ट काढली. गिऱ्हाईक त्यानं आधीच पाहून ठेवलं होतं, कोंबड्यांच्या लांबच लांब शेड घालणारा कुणी तरी. मी नाही म्हटलं. मी म्हटलं, मी शहरातली खोली सोडते, इथे येऊन डुकरं पाळते, मका लावते आणि आजोबा जगले तशी जगते. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, "सव्वीस वर्षं शाळेतल्या पोरांना डावानं सूप वाढलंस, आणि आता डुकरं पाळणार? तुला डुक्कर माहितीय ते फक्त पावात घातलेलं." ते बरंचसं खरं होतं, म्हणून मला जास्त झोंबलं.

शेवटी आईच्याच टेबलावर बोली झाली. नाताळाच्या आत मी माझ्या हातची पाच डुकरं कापून शीतपेटीत भरायची आणि वर्षभर पुरेल एवढा मका कणगीत घालायचा. जमलं तर गार्लंड आपला हिस्सा मला लिहून देणार. नाही जमलं तर मी विक्रीवर मुकाट सही करणार. कागद केला नाही. आमच्या घरात करत नाहीत. हातात हात दिला की झालं.

५ एप्रिल रोजी मी आठ आठवड्यांची पाच पिल्लं आणली. पाचांनाही मी माझ्या शाळेच्या पाच हेडमास्तरांची नावं दिली आहेत. ती नावं जबाबात नकोत असं डेप्युटी म्हणाले, म्हणून सांगत नाही. ज्या म्हाताऱ्याकडून पिल्लं आणली त्यानं एकच मंत्र दिला, आधी शाळा, मग रान. म्हणजे असं की, पहिल्यांदा जाड फळ्यांचं पक्कं कुंपण करायचं आणि त्याच्या आतल्या बाजूनं, फळीपासून हातभर सोडून, पिल्लाच्या नाकाच्या उंचीला विजेची तार ओढायची. डुक्कर नवीन काही दिसलं की आधी नाक लावतं. झटका बसला की ते मागे न येता पुढेच घुसतं. पुढे फळी असते, तिथे आपटतं आणि दुसरा झटका खातं. दोन-तीन दिवसांत त्याला मागे हटायची अक्कल येते. दोन आठवड्यांनी फळ्या काढून नुसत्या दोन तारांमागे उघड्या रानात ठेवलं तरी ते तारेला शिवत नाही. माझ्या आजोबांकडे वीज नव्हती. त्यांची डुकरं ओंडक्यांच्या कुंपणात असत. तारेचं हे मी नवं शिकले. गार्लंडला ते माहीत नव्हतं, आणि मी त्याला सांगायला गेले नाही.

मी ट्रॅक्टर घेतलेला नाही. माझी नांगरट डुकरंच करतात. झुडपांच्या एका तुकड्याभोवती तार फिरवायची, डुकरं आत सोडायची. तीन आठवड्यांत ती मुळ्यांसकट सगळं उकरून खातात, जमीन भुसभुशीत करतात आणि वर खतही घालतात. मग तार पुढच्या तुकड्यावर न्यायची आणि मोकळ्या जमिनीत पेरा करायचा. २५ मे रोजी मी पहिल्यांदा तार हलवली तेव्हा माझी चांगलीच जिरली. मधली तार काढली, पलीकडे हिरवंगार रान, आणि डुकरं जागची हलेनात. तार जिथे होती त्या रेषेवर येऊन पाचही जण उभे, नाकं पुढे, पाय मागे. मी हाका मारल्या, दाणे टाकले, मागून ढकललं, सव्वीस वर्षांत शाळेत तोंडून काढले नव्हते ते सगळे शब्द काढले. तार नव्हती, पण त्यांच्या डोक्यात ती होतीच. दुपारी दोन वाजता मी गोठ्याचा मोडका दरवाजा ओढत आणला आणि त्या रेषेवर आडवा टाकला. दरवाजावरून पाचही जण शहाण्यासारखे चालत गेले. तेव्हापासून तो दरवाजा माझ्या रोजच्या कामातला आहे.

पहिल्या तुकड्यात मका, त्यावर चढवलेल्या शेंगा आणि खाली भोपळे लावले. मका आता वाळत उभा आहे, चार ओळी खुडून कणगीत पडल्या आहेत. भोपळे इतके झाले की अर्धे डुकरांनाच घालते. हे मी बढाई मारायला सांगत नाही. सगळे मला 'नवशिकी बाई' म्हणतात, कचेरीच्या कागदातही तसंच लिहिलंय असं कळलं, म्हणून सांगते.

आता तक्रारीविषयी. आमच्या काउंटीचा नियम असा की, एका वर्षात तीन वेळा जनावरं सुटून दुसऱ्याच्या पिकात गेली तर ती कोंडवाड्यात जातात आणि मालकाला परत मिळत नाहीत. माझ्या नावावर तीन वेळा लागल्या आहेत, १४ सप्टेंबर, २८ सप्टेंबर आणि काल ५ ऑक्टोबर. तिन्ही रविवार. रविवारी सकाळी साडेनऊला मी चर्चला निघते आणि जेवून एकच्या सुमारास परत येते. हे पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत आहे.

तिन्ही वेळा घरी आले तर दक्षिणेच्या बाजूची तार खांबांसकट आडवी पडलेली आणि डुकरं शेजारी मर्ल स्ट्राउड यांच्या रताळ्यांत. स्ट्राउड सत्तरीचे आहेत, सरळ गृहस्थ आहेत. पहिल्या वेळी नुसते म्हणाले, "मिस वेल्डा, रताळी मी तुमच्या पाहुण्यांसाठी नव्हती हो लावली." दुसऱ्या वेळी त्यांनी तक्रार लिहून दिली, तीत पहिली वेळही आली. त्यांच्या जागी मी असते तर पहिल्याच वेळी दिली असती. माझा त्यांच्यावर राग नाही.

पहिल्या वेळी मी स्वतःलाच शिव्या दिल्या. वाटलं, खांब उथळ रोवले असतील. दुसऱ्या वेळेनंतर जाड खांब आणले आणि हातोड्यानं दोन फूट खोल ठोकले. पण मनात किडा वळवळत राहिला. तार पडली असेल, मान्य. पण माझी डुकरं पडलेली तारसुद्धा ओलांडत नाहीत. मग गेली कशी? उडून?

काल तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी डुकरं आणायला धावले नाही. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, चिखल ओला होता. मी आधी खाली पाहिलं. रेषेवर पाच डुकरांचे ठसे होते. पण खुरांची टोकं आतल्या बाजूला. म्हणजे ठसे आत जाणाऱ्या डुकरांचे आणि डुकरं तर बाहेर. दरवाजाचा किंवा फळीचा दाब कुठेही नव्हता. मी तिथेच चिखलात उकिडवी बसले. काय झालं ते मला कळलं होतं, पण कळायला नको होतं.

दुपारी अडीच वाजता डेप्युटी रँडल हेन्सली आले. स्ट्राउडही आले. कोंडवाड्याची गाडी सोमवारी दुपारी येईल असं डेप्युटींनी सांगितलं. मी म्हटलं, आधी दहा मिनिटं उभे राहा. डुकरं मी दरवाजावरून आत आणली, दरवाजा उचलला, आणि दक्षिणेची तार गुंडाळून पार गोठ्यात ठेवून आले. मग रेषेबाहेर दोन हातांवर भरडलेल्या मक्याची अख्खी बादली ओतली. पाचही डुकरं रेषेपर्यंत आली आणि ओळीनं उभी राहिली. किंचाळली, लाळ गाळली, एकमेकांना चावली. पाऊल बाहेर टाकलं नाही. दहाची वीस मिनिटं झाली. स्ट्राउड टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, "आयला, माझी बायको असं ऐकली असती तर!" डेप्युटी हसले नाहीत. त्यांनी विचारलं, मग ही बाहेर पडली कशी.

मी रिकामी बादली घेतली आणि सगळ्यात मोठ्या डुकराच्या तोंडावर घातली. डुकराच्या डोक्यावर बादली घातली की ते बादलीतून सुटायला मागे मागे चालतं. शेपटी धरून हवं तिकडे वळवता येतं. ते मागे चालत चालत रेषेपलीकडे गेलं, त्याला कळलंसुद्धा नाही. डेप्युटींनी खाली वाकून पाहिलं. खुरांची टोकं आतल्या बाजूला होती. सकाळच्या ठशांशी त्यांनी स्वतः ताडून पाहिलं आणि फोटो काढले.

यावर डेप्युटींनी मला नियम समजावून सांगितला. जनावरं कुणी मुद्दाम बाहेर काढली असतील तर ती वेळ मोजत नाहीत. पण त्यासाठी माणसाचं नाव लागतं, नुसता संशय चालत नाही. नाव नसेल तर तीन वेळा त्या तीन वेळाच, आणि गाडी येणार. त्यांनी विचारलं, बादलीची ही युक्ती इथे कोणाकोणाला येते. मी म्हटलं, उद्या सांगते.

काल मी एक गोष्ट सांगितली नव्हती, ती आज सांगते. माझ्या घराच्या उत्तरेला मोठ्या रस्त्यावर उघडणारं फाटक आहे. चर्चला जाताना मोटार बाहेर काढली की मी ते उघडंच टाकून जाते, परत यायचंच असतं म्हणून. या तिन्ही रविवारी मी परत आले तेव्हा फाटक बंद होतं आणि त्याला साखळी घातलेली होती. पहिल्या वेळी वाटलं स्ट्राउडनी लावलं असेल. विचारलं, तर त्यांनी लावलं नव्हतं.

काल संध्याकाळी सहा वाजता मी मोटार घेऊन गार्लंडच्या घरी गेले. तो ओसरीवर बसून बूट घासत होता. बुटांना चिखल होता. मी डुकरांचं नाव काढलं नाही, बादलीचं काढलं नाही. एवढंच विचारलं, "फाटक कशाला लावलंस?"

तो बूट घासतच म्हणाला, "ओंडक्यांचे ट्रक त्या वळणावर काय जोरात येतात तुला माहीत नाही. चिरडली असती."

मग दुसरा बूट हातात घेऊन तो म्हणाला की तार पाडली की डुकरं आपोआप निघतील असं त्याला वाटलं होतं. निघेनात तेव्हा त्याला घाम फुटला, मग बादली आठवली. पाचही एकट्यानं काढली, बासष्टाव्या वर्षी, गुडघे दुखत असताना. हे तो मला असं सांगत होता की जणू मी त्याला शाबासकी द्यावी.

मी त्याला विचारलं, इतकं काय मेलंय त्या जागेत तुझं, विकायलाच हवी म्हणून. यावर तो जे बोलला ते मी इथे जसंच्या तसं सांगते, कारण ते त्याच्या बाजूचं आहे आणि खरं आहे. तो म्हणाला, "आईचं अकरा वर्षं मी केलं. हगणं-मुतणं मी काढलं. तू नाताळला केक घेऊन यायचीस आणि दुसऱ्या दिवशी न्याहारी करून जायचीस. मला ते घर उभं दिसायलाच नको आहे, वेल्डा. आणि तू तिथे गाणी म्हणत मका पेरतेस." मी यायला हवं होतं, आले नाही. हे लिहून घ्यावं.

पण मी त्याला हेही सांगितलं की, घर पाहवत नसेल तर तोंडावर सांगायचं होतंस. हातात हात देऊन बोली केलीस आणि मी प्रार्थनेला बसले असताना माझ्या पाठीमागे माझी डुकरं उलटी चालवलीस. जागा गेली तर गेली, मी हरले असते तर सही केली असती, रडत का होईना. पण मी हरले नव्हते. तू मला हरवत होतास.

त्यावर तो उभा राहिला आणि म्हणाला, "मग जा, सांग माझं नाव. प्रुइटांनी आजवर घरातलं कचेरीत नेलेलं नाही. आजोबांच्या चुलत्यानं त्यांचं घोडं पळवलं होतं, तरी आजोबांनी तोंड उघडलं नाही. तुझ्यात धमक असेल तर तू उघड."

डेप्युटी हेन्सली इथलेच आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. आमच्याकडे सख्ख्या माणसाचं नाव पोलिसाला सांगणाऱ्याला चर्चमध्ये बाकावर शेजारी कुणी बसत नाही. हे गार्लंडला पक्कं माहीत आहे. माझ्या लाजेवर त्यानं भिस्त ठेवली होती. मी रात्रभर विचार केला असं सांगायला बरं वाटलं असतं, पण मी जेवून झोपले. आजोबा गप्प बसले आणि घोडंही गेलं. आईला सगळं माहीत असायचं, तीही गप्प बसायची. मी सव्वीस वर्षं शाळेत पाच हेडमास्तरांचं ऐकून घेतलं. आता पुरे.

तरी मी सांगते की, काल मी दाखवेपर्यंत बादलीची युक्ती आज हयात असलेल्या दोनच माणसांना येत होती असं मला माहीत आहे. एक मी. दुसरा माझा भाऊ गार्लंड रॉय प्रुइट. मला ती त्यानंच शिकवली, मी सात वर्षांची असताना. डुक्कर मला पाडेल म्हणून तो माझ्या मागे उभा राहिला होता आणि शेपटीवर माझ्या हातावर त्यानं आपला हात ठेवला होता. वर नमूद केलेल्या तिन्ही रविवारी माझी डुकरं त्यानं बाहेर काढली. त्यानं माझ्यासमोर हे कबूल केलं. तिथे तिसरं कुणी नव्हतं. तो नाही म्हणाला तर माझा शब्द आणि त्याचा शब्द, आणि चिखलाचे फोटो.

माझी त्याच्यावर फिर्याद नाही. त्याला आत टाकावं, दंड करावा असं माझं म्हणणं नाही. स्ट्राउडांच्या रताळ्यांचं काय ते मी आणि स्ट्राउड बघून घेऊ, त्यांना डुकराची एक अख्खी मांडी धुरावून देणार आहे. माझं म्हणणं एवढंच की, माझी डुकरं सुटली नव्हती, माझं कुंपण चांगलं होतं, आणि दुपारची गाडी माझ्या दारात येऊ नये. फाटक लावल्याचंही त्याच्या नावापुढे लिहावं. ते त्यानं तिन्ही वेळा न विसरता केलं.

डेप्युटींनी विचारलं की आता भावाशी संबंध राहील का. हा प्रश्न जबाबात बसतो की नाही मला माहीत नाही, पण उत्तर देते. नोव्हेंबरात पहिली कडक थंडी पडली की डुकरं कापायची आहेत. अडीचशे पौंडांचं डुक्कर एका माणसाला टांगता येत नाही, आणि आजोबांच्या सुऱ्या गार्लंडकडे आहेत. मी त्याला निरोप धाडणार आहे. आला तर त्याच्या वाट्याचं मांस तो घेऊन जाईल. नाही आला तर मी झाडाला कप्पी बांधीन आणि एकटी टांगीन, दिवस लागला तर दिवस. बोली नाताळापर्यंत आहे आणि माझ्या बाजूनं ती मोडलेली नाही.

हा जबाब डेप्युटी हेन्सली यांनी मला सावकाश, एकेक ओळ थांबून वाचून दाखवला. त्यात माझ्या तोंडी नसलेलं काही नाही आणि माझ्या तोंडचं काही गाळलेलं नाही. सही करण्यापूर्वी त्यांनी लेखणी माझ्या हातात न देता विचारलं की, बाई, अजून वेळ आहे, भावाचं नाव खोडू का. खोडायचं नाही.

सही: वेल्डा इना प्रुइट
समक्ष: डेप्युटी रँडल हेन्सली
वेळ: सकाळी ११ वाजून ५ मिनिटे